राहण्याचा हक्क कुणाच्या हाती?

सकाळचे सात वाजायच्या आतच वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीसमोरचा फूटपाथ भरलेला असतो. मुलगा इस्त्रीच्या शर्टात, हातात पारदर्शक फोल्डर. वडिलांच्या खांद्याला मुलाची सॅक. आई दोन पावलं मागे, डब्यातली दशमी आत्ता काढावी की मुलाखत झाल्यावर, या विचारात. आत मोबाइल चालत नाही, स्मार्ट घड्याळ चालत नाही, बॅग तर नाहीच; त्यामुळे ‘सामान ठेवून घेतो’ म्हणत फिरणाऱ्यांचाही इथे छोटासा धंदा आहे. कुणी लातूरहून रात्रीच्या गाडीने आलेलं, कुणी जळगावहून. आदल्या रात्री नातेवाइकांकडे कल्याणला उतरून पहाटेची लोकल पकडलेलेही असतात.

आतली मुलाखत खिडकीशी, उभ्याने, दोन-तीन मिनिटांची. कोणतं विद्यापीठ, हेच का, पैसे कोण भरणार, नंतर काय करणार. व्हिसा मिळाला तर पासपोर्ट आत ठेवून घेतात, नाकारला तर पासपोर्ट एका छापील कागदासह परत येतो. बाहेर थांबलेल्यांना हे ठाऊक असतं. म्हणून दारातून बाहेर येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, आधी हाताकडे बघतात. हात रिकामा असला तर मिठी.

त्या छापील कागदावर बहुतेक वेळा कलम २१४(ब) असतं. या कलमाचं म्हणणं असं की, अर्ज करणारा प्रत्येक जण अमेरिकेत कायमचा राहायलाच निघाला आहे असं धरून चालायचं; तसं नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे घरात पाच वर्षं ‘एमएस करून तिकडेच सेटल व्हायचं’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाने त्या खिडकीशी शिक्षण संपवून परत येणार असल्याचं पटेल असं सांगायचं. फूटपाथवर शेवटची उजळणी चाललेली असते ती याच उत्तराची.

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघून फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या, तेव्हा त्यांना असल्या कुठल्या खिडकीशी उभं राहावं लागलं नव्हतं. लागले ते पैसे, आणि गावाची बोलणी खायची तयारी. आता गाव पेढे वाटतं. अडवतो तो कागद.

‘स्थलांतर’ हा या अंकाचा विषय. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्यांना परदेशात राहायला आज नेमक्या कोणत्या वाटा आहेत, ते बघून लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मुंबई-पुण्यात त्यासाठी फिरले, तिकडे पोहोचलेल्यांशी फोनवर बोलले. सगळीकडे एकच जाणवलं: चर्चा असते ती प्रवेशाची. विद्यापीठाचं रँकिंग काय, फी किती, स्लॉट कधीचा. विद्यार्थी व्हिसा ही तर पहिलीच पायरी. खरा प्रश्न पदवीनंतरच्या परवान्याचा, आणि तो परवाना कुणाच्या हातात आहे याचा. अमेरिकेत तो मालकाच्या आणि सोडतीच्या हातात आहे. जर्मनीत भाषेच्या आणि पगाराच्या. कॅनडा-ऑस्ट्रेलियात गुणांच्या, म्हणजे बऱ्याच अंशी वयाच्या.

सहा आकडी कोड

अमेरिकी विद्यापीठाकडून प्रवेशासोबत जो आय-२० नावाचा कागद येतो, त्यावर विषयाच्या नावापुढे एक सहा आकडी कोड छापलेला असतो. कॉम्प्युटर सायन्सचा ११.०७०१. आई-वडील फीचा आकडा बघतात, मुलगा विद्यापीठाचं नाव बघतो. या कोडकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. पण पदवीनंतर तिथे एक वर्ष राहता येणार की तीन, हे तो कोड ठरवतो.

पदवी झाल्यावर एफ-१ व्हिसावरच्या कुणालाही बारा महिने काम करता येतं. याला सगळे ओपीटी म्हणतात. तुमचा विषय सरकारच्या ‘स्टेम’ यादीत असेल, तर वर आणखी २४ महिने. ही वाढ २००८मध्ये १७ महिन्यांची होती, २०१६पासून २४ झाली. अर्थशास्त्राची गंमत यात बघण्यासारखी आहे. साध्या अर्थशास्त्राचा कोड यादीत नाही, पण ‘अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र’ (४५.०६०३) यादीत आहे. तेव्हा अनेक विद्यापीठांनी अभ्यासक्रम जवळपास तोच ठेवून कोड तेवढा बदलून घेतला. एकाच शहरातल्या दोन विद्यापीठांत तेच शिकलेल्या दोन मुलींपैकी एक वर्षभरात बॅग भरते आणि दुसरी तीन वर्षं राहते, असं होऊ शकतं.

ही तीन वर्षं हवी असतात एच-१बीसाठी. हा नोकरीचा व्हिसा. तो मालकाने मागायचा, उमेदवाराने नाही. १९९०च्या कायद्याने तो आला. आज वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २० हजार. मागणारे कितीतरी जास्त, म्हणून दर मार्चमध्ये सोडत निघते. तीन वर्षं हातात असली की तीन मार्च मिळतात, एक वर्षवाल्याला एखादाच. २०२३च्या मार्चमध्ये ७ लाख ८० हजारांवर नोंदण्या झाल्या. एकाच माणसासाठी चार-चार कंपन्या चिठ्ठ्या टाकत होत्या. पुढच्या वर्षीपासून एका माणसाची एकच चिठ्ठी असा नियम झाला, २०२५मध्ये नोंदणीची फी दहा डॉलरवरून २१५वर गेली, आणि पात्र नोंदण्या ३ लाख ४४ हजारांपर्यंत उतरल्या. निवडले गेले १ लाख २० हजार. म्हणजे तिघांत एक. मंजूर होणाऱ्या एच-१बींपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीयांचे असतात.

२०२६च्या सोडतीपासून तीही निव्वळ नशिबाची राहिलेली नाही. पगाराच्या चार पातळ्या. वरच्या पातळीवाल्याचं नाव चार वेळा पेटीत, तळच्याचं एकदाच. नुकती पदवी घेतलेला मुलगा कुठल्या पातळीवर असणार, हे सांगायला नको.

त्याआधी, १९ सप्टेंबर २०२५ला, शुक्रवारी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. अंमल रविवारपासून. दसऱ्यासाठी घरी आलेल्यांची त्या शनिवारी काय तारांबळ उडाली, ते अनेक घरांनी पाहिलं. माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलगी कोथरूडला पोहोचून चार तास झाले नव्हते आणि तिच्या कंपनीचा निरोप आला, मिळेल त्या विमानाने परत या. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे लागू नाही. ऑक्टोबरात आणखी एक खुलासा आला: अमेरिकेतच शिकून, तिथे राहूनच एफ-१वरून एच-१बीवर जाणाऱ्यांनाही ही फी नाही. आता नीट बघा, या एका खुलाशाने काय झालं. पुण्यातल्या किंवा हिंजवडीतल्या नोकरीतून थेट अमेरिकेला जायची जी वाट गेली तीस वर्षं आयटीवाल्यांची होती, ती एक लाख डॉलरच्या भिंतीमागे गेली. आणि तिथे फी भरून शिकायला जाणं हीच आत शिरायची मुख्य वाट उरली.

तीनही मार्च फुकट गेले तर? कुणी कंपनीच्या कॅनडातल्या ऑफिसात बदली मागतं. कुणी पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी देणाऱ्या एखाद्या कॉलेजात दुसऱ्या मास्टर्सला नाव घालतं. ही ‘डे-वन सीपीटी’ची पळवाट कागदोपत्री चालते, पण पुढच्या प्रत्येक अर्जात तिच्यावर प्रश्न विचारले जातात. दूरच्या नात्यातल्या एकाने ती धरली होती. दोन वर्षांनी ग्रीन कार्डाच्या कामाला लागल्यावर वकिलाने पहिला प्रश्न त्या कॉलेजबद्दल केला.

आणि सोडत लागली तरी? एच-१बी सहा वर्षांचा. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार, बायको-मुलं त्याच मोजणीत, आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त नाहीत. सव्वाशे कोटींवरच्या देशालाही सात आणि आइसलंडलाही सात. २०२५च्या उन्हाळ्यात मास्टर्सवाल्या भारतीयांच्या ईबी-२ रांगेत १ जानेवारी २०१३च्या आधी अर्ज नोंदवलेल्यांची पाळी चालू होती. आज उभं राहणाऱ्याचा नंबर कधी लागेल याचं गणित न्यू जर्सीतले वकीलही हसून सोडून देतात. मुलांचं वय एकवीस झालं की ती आई-बापांच्या अर्जातून बाहेर पडतात. तिथेच वाढलेल्या, मराठी तोडकंमोडकं बोलणाऱ्या मुलीला मग परदेशी विद्यार्थिनी म्हणून स्वतःचा व्हिसा काढावा लागतो.

एवढं असूनही २०२३-२४मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकलं. पगार, संशोधनाच्या सोयी, आणि आधी गेलेला मावसभाऊ ही तीन कारणं अजून टिकून आहेत.

काचेमागचा सल्ला

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत चालत गेलं की परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीच्या पाट्या मोजवत नाहीत. आत एसी, भिंतीवर पासपोर्ट उघडून दाखवणाऱ्या मुलांचे फोटो, आणि टेबलापलीकडे जेमतेम चार वर्षांनी मोठा समुपदेशक. एका दुपारी एका कन्सल्टन्सीच्या परवानगीने मी मागे बसून ऐकलं. समोर नाशिकचा मेकॅनिकलचा मुलगा आणि त्याचे वडील. सीजीपीए साडेसात, दोन केटी. मुलगा जर्मनी म्हणत होता, समुपदेशक ब्रिटन.

यामागचं अर्थकारण पालकांना कुणी सांगत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली पुष्कळ विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटला कमिशन देतात, म्हणून तिथला सल्ला ‘मोफत’ असतो. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं काही देत नाहीत. म्हणून जर्मनीचं काम करणारी कन्सल्टन्सी फी विद्यार्थ्याकडून घेते. समोरचा माणूस खोटं बोलतो असं नव्हे. पण त्याचा पगार कुठून निघतो हे कळलं की त्याने कुठल्या देशाचं नाव आधी का घेतलं, तेही कळतं.

याच खुर्च्यांवर बसून शिफारसपत्रं तयार होतात. ती सरांनी लिहायची असतात, पण बहुतेक ठिकाणी मुलंच स्वतःबद्दल लिहितात आणि सर सही करतात. आपण किती कष्टाळू आहोत हे तिसऱ्या पुरुषात लिहिताना मुलं जाम अवघडतात, असं एका सरांनीच सांगितलं.

खरी डोकेदुखी मात्र नावाची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. दहावीला एक स्पेलिंग, पदवीला दुसरं. बँकेच्या पत्रात वडिलांचं नाव गळलेलं. जर्मनीतल्या किंवा टोरांटोतल्या कारकुनासमोर ही तीन माणसं असतात. मग प्रतिज्ञापत्र करा, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दुरुस्तीचा अर्ज द्या, ट्रान्सक्रिप्टसाठी पुन्हा खेटे घाला. शेवटच्या सेमिस्टरला असणाऱ्या मुलांनी हे काम आधी उरकावं. ऐन मे महिन्यात परीक्षा विभागासमोर उभं राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

डेर, डी, दास

संध्याकाळी साडेसहा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पंधरा-वीस मुलं ‘डेर टिश, डी लाम्पे, दास बूख’ घोकतात. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी. शिकवणाऱ्या बाई सांगतात, मराठी मुलांना तीन लिंगं ऐकून धक्का बसत नाही. हिंदी माध्यमातल्यांना बसतो. जर्मन शिकण्याची पुण्याला जुनी सवय आहे. बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्स म्युलर भवन पिढ्यान् पिढ्यांना माहीत आहे, चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत, आणि कंपनीच्या खर्चाने तीन महिने जर्मनीत राहून आलेला एखादा काका बऱ्याच घरांत सापडतो. वर्गातले निम्मे मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलचे. उरलेले संगणकवाले, अमेरिकेच्या बातम्या ऐकून इकडे वळलेले.

जर्मनीची वाट स्वस्त आहे, हे खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सेमिस्टरची किरकोळ वर्गणी तेवढी. अपवाद आहेत आणि ते वाढताहेत: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४पासून फी सुरू केली. पण पैसे दाखवावे मात्र लागतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ प्रमाणे ते आपल्यालाच परत मिळतात. त्याआधी एपीएसचं प्रमाणपत्र. बनावट गुणपत्रिकांना आळा घालण्यासाठी नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं झालं. फी १८ हजार रुपये.

गुणांचं रूपांतर हा वर्गातल्या मधल्या सुट्टीतला आवडता विषय. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपल्या सीजीपीएचं त्यात रूपांतर करायला एक सूत्र आहे, बव्हेरियन सूत्र म्हणतात त्याला. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल गुणांतून पासिंगचे गुण वजा करायचे, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. दहापैकी आठ गुण आणि पासिंग चारला असेल तर उत्तर येतं २.०. तेच आठ गुण, पण विद्यापीठाने पासिंग पाचला छापलं असेल तर २.२. पुष्कळ विभागांची प्रवेशाची रेघ नेमकी याच आकड्यांच्या आसपास असते. पासिंग किती हे गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. ते शोधायला लावणाऱ्या बाईंना मुलं दुवा देतात.

पदवी मिळाली की नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. सोडत नाही. विषयाला साजेशी नोकरी आणि ठरलेल्याहून जास्त पगार असला की ईयू ब्लू कार्ड हक्काने मिळतं. २०२५मध्ये ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. नुकती पदवी घेतलेल्यांना आणि ज्यांची तिथे टंचाई आहे अशा अभियंत्यांना, संगणकवाल्यांना, शास्त्रज्ञांना ४३,७५९.८०. दर जानेवारीत आकडा वाढतो. बी-१ पातळीची जर्मन येत असेल तर ब्लू कार्डवर २१ महिने काम केल्यावर कायमचा परवाना मागता येतो, ए-१च असेल तर २७ महिन्यांनी. तिकडे २०१३ची रांग आणि इकडे पावणेदोन-सव्वादोन वर्षं; सदाशिव पेठेतल्या त्या वर्गाला गर्दी का, हे यात आलं. जोडीदारालाही कामाची मोकळीक असते.

शिकायला न जाता थेट नोकरी शोधायला जायचं असेल तर जून २०२४पासून ‘चान्सेनकार्टे’ आहे. पदवी मायदेशात मान्यताप्राप्त हवी, जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ हवं, आणि अनुभव, भाषा, वय वगैरेंचे मिळून सहा गुण. पस्तिशीच्या आत असाल तर वयाचेच दोन. वर्षभर राहता येतं, आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण एक वर्षाचा खर्च पदरचा दाखवावा लागतो. आपलं विद्यापीठ त्यांच्या ‘अनाबिन’ यादीत कोणत्या शेऱ्याने आहे, हे अर्जाआधी बघायचं. ‘एच प्लस’ असलं की निम्मं काम झालं.

ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या क्लासवाल्यांनी त्या बातमीचे फ्लेक्सच लावले. त्याच हिवाळ्यात फोक्सवागनने २०३०पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचा करार केला. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफने त्याआधीच १४ हजारांपर्यंत कपात जाहीर केली होती. याचे फ्लेक्स कुणी लावले नाहीत.

श्टुटगार्टमध्ये मास्टर्स संपवून नोकरी शोधणाऱ्या सांगलीच्या एका मुलाशी फोनवर बोलले. अठरापैकी अकरा महिने संपलेले. नाव छापू नका म्हणाला, घरी अजून ‘इंटर्नशिप चालू आहे’ एवढंच ठाऊक आहे. त्याचा अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत होता, आणि त्याच्या मते घोळ तिथेच झाला. दोन वर्षं इंग्रजीत शिकलो, रूमवर तिघेही मराठी, रविवारी मिसळ. जर्मन ए-२च्या पुढे गेलंच नाही. मुलाखती घेणारे लोक चांगले बोलतात, आणि शेवटी विचारतात, ग्राहकाशी जर्मनमध्ये बोलता येईल का? आता दिवसाचे चार तास तो भाषेला देतो. व्हिसा कार्यालयाची वेळ मिळवायला महिनोन् महिने लागतात, ही त्याची दुसरी तक्रार. तिथले जर्मनही हीच करतात, असं तो म्हणाला.

उरलेल्या वाटा, भरभर

ब्रिटनमध्ये एका वर्षात मास्टर्स होतं, हे आकर्षण. पदवीनंतर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल, पीएचडीवाल्यांना तीनच राहतील. नोकरीच्या व्हिसासाठी जुलै २०२५पासून पगार ४१,७०० पौंड हवा, नवख्यांना ३३,४००. शिवाय आरोग्य सेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ. १८ ते ३० वयाच्या पदवीधरांसाठी वर्षाला तीन हजार जागांची एक सोडत आहे. नोकरी हातात नसतानाही दोन वर्षं जाता येतं. तिची माहिती फार कमी मुलांना आहे, कारण तिच्यात कुणालाच कमिशन नाही.

कॅनडा दहा वर्षं आपल्याकडचा लाडका होता. २०२४मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली, नोव्हेंबरात जलद प्रक्रियेची सोय बंद झाली, आणि २५ मार्च २०२५पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या कायमच्या परवान्याच्या गुणपद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे गुणही गेले. उरले वय, शिक्षण, अनुभव, भाषा. वयाचे पूर्ण गुण २९व्या वर्षापर्यंत. तिशी ओलांडली की दर वाढदिवसाला उतरती कळा. फ्रेंच येणाऱ्यांसाठी मात्र वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांची गुणांची रेघ बरीच खाली असते. त्यामुळे आयटीत आठ वर्षं काढलेली माणसं शनिवारी फ्रेंचचे धातू चालवताना दिसतात.

ऑस्ट्रेलियातही गुणांचाच हिशेब. तिथे ‘मेट्स’ नावाची एक नवी योजना फक्त भारतीयांसाठी आहे: तीस वर्षांपर्यंतचे, अभियांत्रिकी, खाणकाम, अक्षय ऊर्जा, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा विषयांचे पदवीधर, वर्षाला तीन हजार, दोन वर्षांसाठी, सोडतीने. नेदरलँड्स जगातल्या पहिल्या दोनशेंतल्या विद्यापीठाच्या पदवीधराला पदवीनंतर तीन वर्षांच्या आत एक वर्ष नोकरी शोधायला देतं. पदवी तिथलीच हवी असं नाही.

जपानबद्दल पुण्याबाहेर कमी बोललं जातं. सिंहगड रस्त्यावरची ओकायामा बाग सगळ्यांना माहीत असते, पण या शहरात दशकानुदशकं जपानी शिकवणाऱ्यांची फळी आहे हे नाही. जपानच्या अभियंता-व्हिसासाठी सोडत नाही. पदवी, वय, पगार आणि भाषेचे मिळून सत्तर गुण झाले तर तीन वर्षांत कायमचा परवाना मागता येतो, ऐंशी झाले तर एका वर्षात. भाषा मात्र खरोखर शिकावी लागते. ए-१वर भागत नाही तिथे.

संशोधकांचा दरवाजा वेगळा

बीएस्सी, एमएस्सीवाल्यांना ‘इंजिनिअर झाला असतास तर’ हे ऐकायची सवय असते. व्हिसाच्या बाबतीत हिशेब उलटा निघतो. अमेरिकेतली विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संशोधन संस्था एच-१बीच्या ८५ हजारांच्या मर्यादेत येत नाहीत, त्यांना सोडत नाही. ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा मालकाला बांधलेला नसतो. मान्यताप्राप्त फेलोशिप किंवा संशोधनाचं पद असलं की रॉयल सोसायटीसारख्या संस्थांची शिफारस जलद मिळते आणि तीन वर्षांनी कायमचं राहायचा अर्ज करता येतो. युरोपात संशोधन संस्थेशी करार झाला की संशोधकाचा परवाना निघतो. पोस्ट-डॉकचा पगार बेताचाच, करार दोन-दोन वर्षांचे, पण परवान्यासाठी देव पाण्यात घालून बसावं लागत नाही. पीएचडीला पगार मिळतो, फी भरावी लागत नाही, ही गोष्टही आपल्याकडच्या पालकांना अनेकदा मुलगा निघून गेल्यावर कळते. हा दरवाजा मला आपल्याकडे सर्वांत कमी वापरलेला वाटतो.

सही कुणाची

अमेरिकी आय-२०वर एका वर्षाचा जो खर्च छापलेला असतो, तो रुपयांत मांडला की बऱ्याचदा तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यावर घर, प्लॉट किंवा मुदतठेव. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, म्हणून ग्रामीण भागातल्या मुलांचं गाडं शहरातल्या मामाच्या फ्लॅटवर येऊन थांबतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या जागा ७५. हप्ते सुरू होतात ते शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी, म्हणजे नेमके ओपीटीतले किंवा त्या अठरा महिन्यांतले दिवस मोजले जात असताना. अमेरिकेत ओपीटीवर एकूण नव्वद दिवस बेकार राहिलं तर परवाना जातो. पहिल्या हप्त्याचा एसएमएस वडिलांच्या फोनवर येतो.

म्हणून माझं मत विचाराल तर: संगणक किंवा विदा-विज्ञानवाल्याला अमेरिकेतली नावाजलेली जागा आणि स्टेमचा कोड दोन्ही मिळत असतील, आणि परत यावं लागलं तरी कर्ज इथल्या पगारावर फिटणार असेल, तर त्याने जावं. मधल्या फळीतल्या विद्यापीठासाठी घर गहाण टाकणं आज मला पटत नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांना जर्मनी अजूनही बरी, पण बी-१ इथेच करून. तिशी जवळ आलेल्यांनी कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे गुण आधी मोजावेत. आणि विज्ञानवाल्यांनी पीएचडीकडे नव्याने बघावं.

कन्सल्टन्सीत फी भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचं एकच पान वाचा: पदवीनंतरच्या परवान्याचं. या लेखातले आकडेही तिथे ताडून पाहा. जर्मनीचे जानेवारीत बदलतात, ब्रिटनचे वर्षाच्या अधेमधेही, अमेरिकेचे एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी. आणि ते पान वाचताना आई-वडिलांना शेजारी बसवा. कर्जाच्या कागदावर सही त्यांचीही असते.